थांबलेले हृदय, चढवलेला रक्तदाब आणि प्राण्यांची साक्ष

हृदयक्रिया अचानक बंद पडलेल्या माणसाला परत आणण्याचे जे प्रयत्न आज जगभरातील रुग्णालयांत आणि रुग्णवाहिकांत होतात, त्यांत छातीवर दाब देणे, कृत्रिम श्वास देणे आणि गरज असल्यास विजेचा झटका देणे या कृतींच्या जोडीला एक औषध हटकून दिले जाते, ते म्हणजे ॲड्रेनॅलिन. प्रौढ रुग्णाला एका वेळी 1 मिलिग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी, शिरेतून किंवा हाडाच्या पोकळीतून, असा त्याचा ठरलेला क्रम वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. या औषधाला हे स्थान मिळाले ते शस्त्रक्रियागृहातील तुरळक अनुभव आणि मुख्यतः कुत्री व डुकरे यांच्यावरील प्रयोग यांच्या बळावर. माणसांवर त्याची पुरेशी मोठी चाचणी पूर्ण व्हायला मात्र 2018 साल उजाडावे लागले. प्राण्यांनी या औषधांबद्दल काय सांगितले, त्यातले माणसाच्या बाबतीत किती खरे ठरले आणि जे खरे ठरले नाही त्याचे कारण प्राण्यांच्या शरीरात होते की प्रयोग आखणाऱ्यांच्या प्रश्नात होते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत व्याख्यानाचा उद्देश आहे.

या विषयाशी सामान्य नागरिकाचा संबंध दोन बाजूंनी येतो. एक तर रस्त्यावर, घरात किंवा कार्यालयात कोसळणाऱ्या कोणालाही हे औषध त्याची संमती न विचारता दिले जाते, कारण त्या क्षणी विचारायला तो शुद्धीवर नसतो आणि थांबायला वेळ नसतो. दुसरे म्हणजे या औषधांची पारख करण्यासाठी ज्या प्राण्यांचे हृदय मुद्दाम बंद पाडले गेले, त्यांचे प्राण समाजाच्या नावाने आणि पुष्कळदा समाजाच्याच पैशाने खर्ची पडले आहेत. म्हणून त्या प्रयोगांतून नेमके काय हाती लागले, हे जाणून घेण्याचा अधिकार आणि कर्तव्य ही दोन्ही समाजाकडे येतात.

दाबाचे गणित

हृदयक्रिया बंद पडणे म्हणजे रक्त पुढे ढकलता येईल इतके आकुंचन हृदयात न उरणे. कधी हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे, म्हणजे निलयांचे, स्नायुतंतू एकमेकांशी मेळ न राखता नुसते थरथरत राहतात, आणि या अवस्थेला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. कधी आलेखावर विद्युतलहरी दिसतात पण नाडी लागत नाही. तर कधी आलेखावर केवळ सपाट रेघ उरते. अशा वेळी छातीवर बाहेरून दिलेल्या दाबाने रक्ताभिसरण चालू राहते खरे, परंतु सरावलेल्या हातांनी दिलेल्या दाबानेही निरोगी हृदय जेवढे रक्त ढकलते त्याच्या सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश रक्तच पुढे सरकते.

एवढ्या तुटपुंज्या रक्तातील पुरेसा वाटा खुद्द हृदयाच्या स्नायूला मिळाला नाही, तर ते पुन्हा सुरू होत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या महाधमनीच्या मुळाशी उगम पावतात, आणि छातीदाबाच्या वेळी त्यांच्यातून रक्त वाहते ते प्रामुख्याने दाब सोडण्याच्या टप्प्यात. त्या टप्प्यात महाधमनीत असलेला दाब आणि हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, म्हणजे उजव्या अलिंदात, असलेला दाब यांच्यातील फरक हाच या प्रवाहामागचा रेटा असतो, आणि त्याला कोरोनरी प्रवाहदाब असे म्हणता येईल. नॉर्मन पॅराडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली हृदयक्रिया बंद पडलेल्या 100 रुग्णांत हा दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा ज्यांच्यात तो एकदाही 15 मिलिमीटर पाऱ्यापर्यंत पोचला नाही, अशा एकाही रुग्णाचे हृदय पुन्हा सुरू झाले नसल्याचे आढळले.

रक्तदाब वाढवणाऱ्या औषधांचे काम येथे सुरू होते. ती हातपाय, त्वचा आणि आतडी यांच्याकडे जाणाऱ्या लहान धमन्यांच्या भिंतींतील स्नायू आवळतात, त्यामुळे महाधमनीतला दाब वाढतो आणि उपलब्ध रक्त हृदय व मेंदू यांच्याकडे वळते. पाटाला पाणी कमी असताना दारे धरणारा शेतकरी बाजूच्या सऱ्यांची तोंडे बंद करून शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचवतो, तसाच हा प्रकार आहे. प्राण्यांवरील प्रयोगांची सारी परंपरा या एका तत्त्वाभोवती उभी राहिली. तिची ताकद तीच होती आणि तिची मर्यादाही तीच ठरली.

कुत्र्यांची साक्ष

1894 च्या सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा अर्क प्राण्यांच्या शिरेत टोचून रक्तदाब एकदम वर चढतो हे दाखवले, आणि 1895 साली त्याच दोघांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीच्या अर्कातही हाच गुण असल्याचे नोंदवले. पहिल्या अर्कातून ॲड्रेनॅलिन हाती आले आणि दुसऱ्यातला गुण पुढे व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचा ठरला. पुनरुज्जीवनाच्या क्षेत्रात पुढे ज्यांची तुलना झाली, ती दोन्ही द्रव्ये अशी एकाच प्रयोगशाळेच्या कामातून पुढे आलेली आहेत. 1901 साली अमेरिकेत काम करणारे जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी ॲड्रेनॅलिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि ते औषध म्हणून हाताळणे शक्य झाले.

त्यानंतर पाचच वर्षांनी, 1906 मध्ये, क्लीव्हलंडचे शल्यविशारद जॉर्ज क्राइल आणि डेव्हिड डॉली यांनी अतिरिक्त भुलीमुळे किंवा गुदमरल्यामुळे हृदय थांबलेल्या कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. धमनीतून हृदयाच्या दिशेने मिठाच्या पाण्याबरोबर ॲड्रेनॅलिन सोडायचे आणि त्याच वेळी छाती दाबायची व कृत्रिम श्वास द्यायचा, अशी त्यांची रीत होती. कोरोनरी धमन्यांत पुरेसा दाब निर्माण झाल्याशिवाय हृदय पुन्हा चालू होत नाही, हे त्यांनी त्या काळी ओळखले होते, ही गोष्ट आजही थक्क करणारी आहे. त्यांचे काम मात्र मागे पडले. छाती न उघडता दाब देण्याची पद्धत पुन्हा प्रस्थापित झाली ती 1960 साली, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणाऱ्या विल्यम कौवेनहोवेन, जेम्स ज्यूड आणि गाय निकरबॉकर यांच्या निबंधाने; आणि तिचा उगमही एका कुत्र्याच्या छातीवरच झाला होता, कारण विजेच्या झटक्याचे जड इलेक्ट्रोड छातीवर दाबून धरताना धमनीतला दाब किंचित उसळतो, हे निकरबॉकर यांच्या लक्षात आले होते.

त्याच शहरात जोसेफ रेडिंग आणि जॉन पिअर्सन या भूलतज्ज्ञांनी 1963 च्या सुमारास औषधांची पद्धतशीर तुलना सुरू केली. श्वास कोंडून हृदय थांबवलेल्या कुत्र्यांना छातीदाब आणि श्वास देत त्यांनी वेगवेगळी औषधे टोचली. त्यांच्या निष्कर्षाने तत्कालीन समजुतीला धक्का दिला. ॲड्रेनॅलिन हृदयाला उत्तेजन देते म्हणून ते उपयोगी पडते, असा सर्वांचा समज होता. परंतु हृदयाला उत्तेजन देणारे पण रक्तवाहिन्या न आवळणारे आयसोप्रोटेरेनॉल निष्फळ ठरले, आणि हृदयाला फारसे न चेतवता केवळ वाहिन्या आवळणारी मेथॉक्सामीनसारखी औषधे ॲड्रेनॅलिनच्या बरोबरीने उतरली. ॲड्रेनॅलिन ज्या ग्राहींवर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील रिसेप्टरांवर, बसून काम करते, त्यांचे अल्फा आणि बीटा असे दोन वर्ग रेमंड अल्क्विस्ट यांनी 1948 साली सुचवले होते. त्या भाषेत सांगायचे तर थांबलेले हृदय सुरू करण्याचे श्रेय वाहिन्या आवळणाऱ्या अल्फा ग्राहींकडे जात होते. 1979 मध्ये रोनाल्ड याकायटिस यांच्या गटाने कुत्र्यांमध्ये आलटूनपालटून एक वर्ग औषधाने रोखून आणि दुसरा चेतवून या निष्कर्षाची थेट खातरजमा केली. प्रयोगशास्त्राच्या दृष्टीने हे काम निर्दोष म्हणावे इतके सुंदर आहे.

एक प्रयोग जवळून

या प्रकारच्या प्रयोगांचे आजचे रूप समजून घेतल्याशिवाय पुढची चर्चा अधांतरी राहील. गेल्या चार दशकांत कुत्र्यांची जागा बहुतांशी डुकरांनी घेतली, कारण डुकराच्या हृदयाचा आकार आणि त्याच्या कोरोनरी धमन्यांची रचना माणसाच्या जवळ जाते, तर कुत्र्याच्या हृदयात धमन्यांना जोडणारे आडमार्ग भरपूर असतात आणि त्यामुळे ते रक्ताची कमतरता अधिक सोसते. साधारण 25 ते 40 किलो वजनाचे, रात्रभर उपाशी ठेवलेले डुक्कर भूल देऊन उताणे ठेवले जाते, त्याच्या श्वासनलिकेत नळी घालून ते श्वासयंत्राला जोडले जाते, आणि मांडीच्या व मानेच्या वाहिन्यांतून बारीक नळ्या सरकवत एकीचे टोक महाधमनीत आणि दुसरीचे उजव्या अलिंदात आणून ठेवले जाते. मग हृदयाला अगदी अल्प विद्युतप्रवाह दिला जातो. पडद्यावरची दाबाची उंचसखल रेघ काही सेकंदांत खाली येऊन सपाट होते. श्वासयंत्र बंद केले जाते, आणि ठरलेली चार, आठ किंवा त्याहून अधिक मिनिटे कोणीही काहीही करत नाही, कारण रस्त्यावर कोसळलेल्या माणसापर्यंत मदत पोचायला लागणारा वेळ त्या स्तब्धतेत धरलेला असतो.

त्यानंतर यंत्राने मिनिटाला शंभर या गतीने छातीदाब सुरू होतो, औषध किंवा त्याच्या जागी नुसते मिठाचे पाणी दिले जाते, आणि कोरोनरी प्रवाहदाब क्षणाक्षणाला नोंदला जातो. अवयवांना किती रक्त पोचले हे मोजण्यासाठी सुमारे 15 मायक्रोमीटर व्यासाचे रंगीत किंवा किरणोत्सारी सूक्ष्म मणी हृदयाच्या डाव्या निलयात सोडले जातात. ते रक्ताबरोबर वाहत जाऊन केशवाहिन्यांत अडकतात, आणि प्रयोगानंतर हृदय, मेंदू व मूत्रपिंड यांच्या तुकड्यांतील मणी मोजून त्या त्या वेळचा प्रवाह काढता येतो. शेवटी विजेचा झटका दिला जातो. हृदय सुरू झाले तर काही तास, क्वचित काही दिवस, प्राण्यावर लक्ष ठेवले जाते आणि बहुतेक वेळा प्रयोगाच्या अखेरीस त्याला भुलीतच मरण दिले जाते. अशा प्रयोगात एका गटात साधारण सहा ते दहाच प्राणी असतात. इतक्या काटेकोर व्यवस्थेतून येणारा आकडा खरा असतो यात शंका नाही. तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे मात्र दरवेळी तपासून घ्यावे लागते.

मोठ्या मात्रेचा मोह

रेडिंग आणि पिअर्सन यांच्या प्रयोगांतील कुत्री सुमारे 10 किलो वजनाची होती आणि त्यांना 1 मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन दिले जाई. म्हणजे मात्रा किलोमागे 0.1 मिलिग्रॅम पडत होती. माणसासाठीही 1 मिलिग्रॅमच रूढ झाले, परंतु 70 किलोच्या माणसात ते किलोमागे जेमतेम 0.014 मिलिग्रॅम होते. हा फरक 1980 च्या दशकात संशोधकांना खटकला. डुकरांवरील प्रयोगांत किलोमागे 0.2 मिलिग्रॅम इतकी, म्हणजे रूढ मात्रेच्या सुमारे चौदापट, मात्रा दिल्यावर हृदयाच्या स्नायूतला रक्तप्रवाह स्पष्टपणे वाढला, आणि इतकी वर्षे माणसांना अपुरे औषध दिले गेले असावे, या कल्पनेने सर्वत्र उत्साह पसरला.

1992 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन चाचण्या एकत्रच प्रसिद्ध झाल्या. कॅनडातील इयन स्टील यांच्या चाचणीत 650 रुग्ण होते, चार्ल्स ब्राउन यांच्या अमेरिकेतील चाचणीत 1280. आणि मोठ्या मात्रेने जगण्याचे प्रमाण वाढल्याचे दोहोंपैकी एकीतही दिसले नाही. 1998 मध्ये युरोपातील 3327 रुग्णांच्या चाचणीत 5 मिलिग्रॅमच्या मात्रेने हृदय पुन्हा सुरू होण्याचे प्रमाण 36.4 टक्क्यांवरून 40.4 टक्क्यांवर गेले, पण रुग्णालयातून घरी जाणाऱ्यांची संख्या वाढली नाही. 2004 मध्ये मुलांवरील एका चाचणीत तर मोठी मात्रा अपायकारक ठरण्याची चिन्हे दिसली.

या अपयशाचे खापर प्राण्यांवर फोडणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यांनी धोक्याची सूचनाही दिलेली होती. 1988 साली रॉबर्ट डिची आणि जोॲन लिंडेनफेल्ड यांनी कुत्र्यांमध्ये दाखवले की ॲड्रेनॅलिन हृदयाचा रक्तपुरवठा वाढवते त्याच वेळी थरथरणाऱ्या हृदयाची प्राणवायूची भूकही वाढवते, त्यामुळे जमाखर्चाचा मेळ बसत नाही. 1994 मध्ये रॉबर्ट बर्ग यांच्या गटाने नोंदवले की मोठी मात्रा मिळालेल्या डुकरांचे हृदय सुरू झाले तरी त्यानंतर लवकरच त्यांच्यातील अधिक डुकरे दगावली. अतिवेगाने धावणारे हृदय आणि भडकलेला रक्तदाब त्यांना सोसला नाही. 1995 मध्ये वँचुन टँग आणि मॅक्स हॅरी वाइल यांच्या गटाला उंदरांत असे आढळले की ॲड्रेनॅलिनमुळे पुनरुज्जीवनानंतरचा हृदयाचा दुबळेपणा अधिक तीव्र होतो. हृदय सुरू झाल्यानंतर काय होते, असा प्रश्न ज्यांनी विचारला, त्यांना प्राण्यांनी माणसाशी जुळणारेच उत्तर दिले होते.

व्हॅसोप्रेसिनची आशा

ॲड्रेनॅलिनच्या बीटा परिणामांपासून सुटका हवी, या विचारातून कार्ल लिंडनर आणि त्यांचे सहकारी व्हॅसोप्रेसिनकडे वळले. पुनरुज्जीवनातून वाचलेल्या रुग्णांच्या रक्तात या संप्रेरकाची पातळी न वाचलेल्यांपेक्षा जास्त असते, असे त्यांना 1992 मध्ये दिसले होते. व्हॅसोप्रेसिन वेगळ्या ग्राहींमार्फत वाहिन्या आवळते, हृदयाला चेतवत नाही, आणि रक्तात आम्लता वाढल्यावर ॲड्रेनॅलिनचा प्रभाव ओसरतो तसा त्याचा ओसरत नाही. डुकरांवरील प्रयोगांत त्याने हृदयाचा आणि मेंदूचा रक्तप्रवाह ॲड्रेनॅलिनपेक्षा अधिक वाढवला. इन्सब्रुकच्या फोल्कर वेंझेल यांच्या गटाने 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तर बराच वेळ चाललेल्या पुनरुज्जीवनानंतरही व्हॅसोप्रेसिन मिळालेली डुकरे वाचली व त्यांची मज्जासंस्था शाबूत राहिली, तर तुलनेच्या गटांतील डुकरे मेली. 40 रुग्णांच्या एका लहान चाचणीत 24 तास जगलेल्यांची संख्याही व्हॅसोप्रेसिनच्या बाजूने होती. 2000 सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी त्याला ॲड्रेनॅलिनचा पर्याय म्हणून मान्यता दिली.

मोठ्या चाचण्यांनी हे चित्र पुसून टाकले. 2001 मध्ये कॅनडातील रुग्णालयांत 200 रुग्णांवर झालेल्या तुलनेत फरक दिसला नाही; 2004 मध्ये ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंड येथील 1186 रुग्णांत एकंदर निकाल सारखाच लागला, फक्त आलेख सपाट झालेल्या रुग्णांच्या गटात व्हॅसोप्रेसिन सरस दिसले; आणि 2008 मध्ये फ्रान्समधील 2894 रुग्णांत दोन्ही औषधे एकत्र देऊनही काही वाढीव लाभ झाला नाही. 2015 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने आपल्या क्रमातून व्हॅसोप्रेसिन वगळले.

येथे प्राणी आणि माणूस यांच्यातील खरा जैविक फरकही आड आलेला असू शकतो. माणसाच्या व्हॅसोप्रेसिनच्या रेणूत ज्या जागी आर्जिनीन हे अमिनो आम्ल असते, त्या जागी डुकराच्या व्हॅसोप्रेसिनमध्ये लायसीन असते, आणि त्यामुळे दोघांच्या ग्राहींची जडणघडणही सारखी धरता येत नाही. परंतु हृदय कोणत्या कारणाने थांबले, हेही तितकेच महत्त्वाचे होते. विजेने थरथर निर्माण करून हृदय थांबवलेल्या डुकरांत व्हॅसोप्रेसिन उजवे ठरत होते, तर वोल्फगांग फोएल्केल यांच्या गटाने श्वास कोंडून हृदय थांबवलेल्या डुकराच्या पिलांत ॲड्रेनॅलिन सरस असल्याचे दाखवले होते. प्रयोगाची मांडणी बदलली की उत्तर बदलते, हे प्राण्यांनीच सांगितले होते. मार्गदर्शक तत्त्वे लिहिणाऱ्यांनी मात्र एकाच मांडणीवर अधिक भिस्त ठेवली.

हृदय परतले, मेंदूचे काय

पुनरुज्जीवनाचा हेतू माणूस पूर्ववत परत आणणे हा असतो, आणि माणूस परत आला की नाही हे मेंदू ठरवतो. 2009 मध्ये ज्युसेप्पे रिस्तान्यो यांच्या गटाने डुकरांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरील केशवाहिन्यांचे थेट निरीक्षण करून असे नोंदवले की ॲड्रेनॅलिनमुळे मोठ्या धमन्यांतला दाब वाढला तरी मेंदूच्या सूक्ष्म वाहिन्यांतला प्रवाह घटतो. बाजूच्या वाहिन्या आवळणारे औषध मेंदूच्या अगदी टोकाच्या वाहिन्यांनाही सोडत नाही, असा त्याचा अर्थ होता.

माणसांत याची शहानिशा करणे सोपे नव्हते, कारण ॲड्रेनॅलिन अर्धे शतक दिले जात असल्याने ते न देणे हेच अनैतिक मानले जाई. पश्चिम ऑस्ट्रेलियात इयन जेकब्स यांनी आखलेली चाचणी अनेक रुग्णवाहिका सेवांनी पाठ फिरवल्याने अर्धवट राहिली आणि 2011 मध्ये 534 रुग्णांवरच तिचा निकाल काढावा लागला. अखेर ब्रिटनमध्ये गॅविन पर्किन्स यांच्या नेतृत्वाखाली पाच रुग्णवाहिका सेवांनी 8014 रुग्णांना चिठ्ठी टाकावी तशा विभागणीने ॲड्रेनॅलिन किंवा मिठाचे पाणी दिले, आणि पॅरामेडिक-2 या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीचा निकाल 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयात पोचण्यापूर्वी हृदय पुन्हा सुरू होण्याचे प्रमाण ॲड्रेनॅलिनच्या गटात 36.3 टक्के, तर दुसऱ्या गटात 11.7 टक्के होते. तीस दिवसांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 3.2 आणि 2.4 टक्के होते. परंतु घरी जाताना मेंदूची स्थिती चांगली असलेल्यांच्या प्रमाणात, म्हणजे 2.2 आणि 1.9 टक्क्यांत, निश्चित म्हणता येईल असा फरक नव्हता, आणि वाचलेल्यांपैकी गंभीर अपंगत्व आलेल्यांचे प्रमाण ॲड्रेनॅलिनच्या गटात 31 टक्के, तर दुसऱ्या गटात 17.8 टक्के निघाले.

या आकड्यांकडे रेडिंग आणि पिअर्सन यांच्या कुत्र्यांच्या शेजारी ठेवून पाहिले, तर एक गोष्ट लख्ख दिसते. औषधाने हृदय पुन्हा सुरू होते का, हा प्रश्न कुत्र्यांना विचारला गेला होता आणि त्यांनी होकार दिला होता; माणसांत तो होकार तिपटीने खरा ठरला. तो प्राणी नंतर पूर्वीसारखा उभा राहून चालेल का, खाईल का, ओळखीच्या माणसाला प्रतिसाद देईल का, हे मात्र फार थोड्या प्रयोगांत पाहिले गेले. प्राण्यांचे उत्तर खरे होते, अपुरा होता तो प्रश्न. आणि या शतकभराच्या कामाचा हाच निर्णायक धडा आहे.

प्रश्न कसा विचारावा

प्रश्न अपुरा राहण्याची कारणे शोधून काढता येण्याजोगी आहेत. पहिले कारण वेळेचे आहे. जोशुआ रेनॉल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये तुलना करून दाखवले की प्राण्यांच्या प्रयोगांत पहिले औषध माणसांच्या मानाने साधारण निम्म्या वेळातच दिले जाते; पॅरामेडिक-2 मध्ये दूरध्वनी आल्यापासून ॲड्रेनॅलिन देईपर्यंतचा मध्यम काळ 21 मिनिटांचा होता, आणि तोवर मेंदूचे मोठे नुकसान होऊन गेलेले असते. दुसरे कारण असे की प्रयोगातील डुक्कर तरुण आणि निरोगी असते, त्याच्या कोरोनरी धमन्या स्वच्छ असतात, तर कोसळणारा माणूस पुष्कळदा उतारवयाचा आणि धमन्यांच्या विकाराने आधीच जर्जर झालेला असतो. तिसरे कारण गटांच्या लहान आकाराचे, चिठ्ठीने विभागणी न करण्याचे आणि कोणत्या प्राण्याला काय दिले हे निरीक्षकापासून न लपवण्याचे आहे, कारण या तिन्हींमुळे औषधाचा गुण असतो त्याहून मोठा दिसतो.

यांपैकी काही दोषांवर इलाज सुरू झाले आहेत. पुनरुज्जीवनाच्या प्रयोगांची नोंद एकसारखी व्हावी म्हणून नॉर्वेतील उटस्टाइन मठाच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत 1996 मध्ये प्राण्यांच्या प्रयोगांसाठीही तयार झाली, आणि 2010 मध्ये अराइव्ह या नावाची सर्वसाधारण मार्गदर्शक सूची आली. प्रश्नाचे स्वरूपही बदलते आहे. फिलाडेल्फियातील रॉबर्ट सटन आणि रॉबर्ट बर्ग यांच्या गटाने 2013 च्या सुमारास घड्याळाकडे पाहून ठरावीक अंतराने औषध देण्याऐवजी कोरोनरी प्रवाहदाब 20 मिलिमीटर पाऱ्याच्या वर ठेवण्यापुरतेच औषध डुकरांना दिले, आणि अशा डुकरांत जगण्याचे प्रमाण अधिक दिसले. कोणते औषध चांगले, या प्रश्नाची जागा या प्राण्याला या क्षणी किती औषध हवे, या प्रश्नाने घेणे ही खरी प्रगती आहे.

प्राण्यांवरील असे प्रयोग मुळीच नकोत, हे मत आदराने ऐकण्यासारखे आहे; परंतु ज्या औषधाबद्दल काहीच माहीत नाही ते संमती देऊ न शकणाऱ्या माणसावर प्रथम वापरून पाहणे अधिक न्याय्य ठरणार नाही. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी 1959 मध्ये मांडलेली सूत्रे, म्हणजे शक्य तेथे प्राण्याला पर्याय शोधणे, संख्या कमी करणे आणि यातना कमी करणे, हाच येथे मार्ग आहे. भारतात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या सतराव्या कलमानेही पुरेशी भूल देण्याची, टाळता येईल तेथे प्रयोग टाळण्याची आणि लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा प्राणी न वापरण्याची दिशा घालून दिली आहे. त्यात आणखी एक कसोटी मनापासून जोडायला हवी: ज्या प्रयोगाचा आराखडा आपल्या प्रश्नाचे उत्तर देऊच शकत नाही, त्यात मारलेला प्राणी भूल देऊन मारला तरी व्यर्थ मारला जातो. प्रयोगाची शास्त्रीय गुणवत्ता आणि त्याची नैतिकता या दोन वेगळ्या बाबी मानण्याची सवय नीतिसमित्यांनी सोडून द्यावी.

उरतो तो या साऱ्या कामातून नागरिकाने काय घ्यायचे हा प्रश्न, आणि त्याचे उत्तर पॅरामेडिक-2 च्या अहवालातच दिलेले आहे. एक मृत्यू टाळण्यासाठी ॲड्रेनॅलिन 112 रुग्णांना द्यावे लागते. हृदयक्रिया बंद पडल्याचे वेळीच ओळखले गेले तर हाच आकडा 11 वर येतो, शेजारच्या माणसाने छातीदाब दिला तर 15 वर, आणि विजेचा झटका लवकर मिळाला तर 5 वर. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे आणि भारतीय पुनरुज्जीवन परिषदेने 2017 मध्ये सामान्य माणसासाठी केवळ छातीदाबाची सोपी पद्धत आखून दिली आहे. म्हणून प्रत्येक शाळेने, गृहनिर्माण संस्थेने आणि कार्यालयाने ती पद्धत शिकवण्याची व्यवस्था करावी, आणि कोणी शुद्ध हरपून कोसळले व श्वास नीट चालत नसेल तर 108 ला कळवून छातीच्या मध्यभागी पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 या गतीने दाब देण्यास प्रत्येकाने विनाविलंब हात घालावा.